अर्ध्यावर फाटणारा आवाज

लाल तार प्लसला, काळी मायनसला, हे मी शाळेत सव्वीस वर्षं शिकवतो आहे. त्या रविवारी खालापूरजवळच्या माझ्या सासुरवाडीत, मेहुण्याच्या टेंपोच्या नव्या बॅटरीला मी दोन्ही तारा उलट्या जोडल्या. तेलाने माखून दोन्ही तारा काळ्याच झाल्या होत्या, हे एक कारण. जुन्या बॅटरीचा प्लस डावीकडे होता आणि नवीचा उजवीकडे, हे दुसरं. खरं कारण तिसरंच. हातातल्या तारांकडे न बघता मी मेहुण्याला समजावून सांगत होतो, की तार जोडताना माणसाने रंगावर विसंबू नये, डोकं वापरावं. 'डोकं' या शब्दापर्यंत पोचलो आणि टेंपोच्या मागच्या पेटीतून धूर आला.

पेटीत त्याचा ॲम्प्लिफायर होता. त्याला तो मशीन म्हणतो. हा मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ. आठवडाभर त्याच टेंपोतून सिमेंट, पत्रे, कोंबड्यांचं खाद्य वाहतो आणि लग्नसराईत मागे स्पीकर चढवून गावोगावच्या हळदी वाजवतो. आसपासच्या आठ-दहा गावांत गेली बारा वर्षं त्याच्या टेंपोशिवाय हळद लागलेली नाही. आता तेरा दिवसांनी त्याच्या स्वतःच्या मुलीची हळद होती. त्या हळदीला दुसऱ्या कुणाचा टेंपो येऊन वाजणं म्हणजे आचाऱ्याच्या घरच्या लग्नात जेवण बाहेरून मागवण्यासारखं.

फ्यूजने हे सगळं वाचवायला हवं होतं. पण फ्यूजच्या जागी मेहुण्याने तारेचा तुकडा गुंडाळून ठेवला होता. तेवढ्यावरून मी दोष वाटून घेण्याचा प्रयत्न केला. त्याने पेटीचं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला, "जाऊ द्या भावोजी. मशीन जळलं, माणूस तर नाय ना जळला."

तो ओरडला असता तर मी गुपचूप ते मशीन दुकानात टाकलं असतं. तो ओरडला नाही, म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं, "मीच दुरुस्त करून देतो. सुट्टीच आहे."

नवरी मुलगी दारात उभी होती. "काका, हळदीच्या आधी होईल ना?" एवढंच तिने विचारलं. माझ्या बायकोने मात्र कपाळाला हात लावला. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर तो हात आपोआप जातो.

पॉवरचे ट्रान्झिस्टर कुरियरने मागवले, ते गुरुवारी आले. ते बदलणं सोपं होतं. अवघड होतं ते कडं. अशा मशीनच्या पोटात बांगडीएवढं एक काळं कडं असतं आणि त्याच्यावर तांब्याच्या तारेचे वेढे. खाली जाड तारेचे थोडे, वर बारीक तारेचे जास्त. बॅटरीचे बारा व्होल्ट त्या वेढ्यांतून वाढून निघतात आणि त्या वाढीवरच स्पीकर गर्जतो. आमचं कडं कोळसा झालं होतं. जळालेली तार सोडवताना मी वेढे मोजून चिठ्ठीवर लिहून ठेवले: जाड तारेचे चार, वरच्या तारेचे बारा. नवी तार कर्जतला पंपाच्या मोटारी बांधणाऱ्याकडून आणली आणि दुसऱ्या रविवारी सासुरवाडीच्या ओटीवर बसलो.

जाड तारेचे चार वेढे मी एकट्याने घातले. वरच्या तारेला मात्र दोन्ही हात अडकतात; तार कड्यातून ओवायची, ताणायची, अंगठ्याने दाबून धरायची. तोंडाने मोजावं तर माझं तोंड मोजण्यापुरतं रिकामं कधी नसतं. म्हणून मी सासऱ्यांना म्हटलं, "मामा, तुम्ही मोजा."

मामा ऐंशीच्या पुढचे. गावात त्यांची भातगिरणी होती, ती चालवता चालवता त्यांचं आयुष्य मोजण्यात गेलं. झोपाळ्यावरून उतरून ते माझ्यासमोर येऊन बसले.

"किती पायजेत?"

"बारा."

"म्हंजे तीन पायल्या," ते म्हणाले. चार शेरांची पायली, तेव्हा बारा म्हणजे तीन पायल्या, हा हिशेब त्यांच्या हाडात मुरलेला. मलाही सोयीचंच होतं. चार वेढे झाले की थोडं थांबून तार चिकटपट्टीने बसवायची, मग पुढचे चार.

आणि त्यांनी गिरणीतल्यासारखं मोजायला सुरुवात केली. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. "लाभ," ते म्हणाले, आणि मी तार ओवली. "दोन... तीन... चार." मी थांबलो, चिकटपट्टी लावली. "झाली पायली. लाभ... दोन..." असं करत तीन पायल्या झाल्या. मला इतकं छान वाटलं की मी बायकोला आतून बोलावून आम्हा दोघांचा फोटो काढायला लावला.

सोमवारी मशीन टेंपोत बसवलं. या वेळी तारा मेहुण्याने जोडल्या, मला लांब उभं करून. दिवा लागला. गाणं सुरू झालं, अगदी स्वच्छ. नवरी आतून धावत आली. मेहुण्याने बटण फिरवायला घेतलं. त्या बटणाला घड्याळासारख्या खुणा आहेत, सहाच्या जागी बंद आणि बाराच्या जागी अर्धा आवाज. हळदीला तो तीनच्या पुढे जातो, तेव्हा कुठे शेजारच्या वाडीतले लोक निघतात. अकरापर्यंत सगळं ठीक होतं. बाराला काटा टेकला आणि आवाज फाटला. ढोल ऐकू येण्याऐवजी पत्र्यावर कुणी खडी ओततंय असं वाटायला लागलं.

मेहुण्याने बटण मागे घेतलं. गाणं पुन्हा गोड झालं.

"घरात ऐकायला चांगलं हाय," तो म्हणाला.

तिथून पुढचे पाच दिवस मी माणसात नव्हतो. सकाळी कर्जतहून स्कूटरने निघायचं, पळसदरी ओलांडून उन्हाचं खालापूर गाठायचं, काहीतरी बदलायचं, बारावर फाटलेला आवाज ऐकायचा आणि परत यायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं अर्थिंग. टेंपोच्या सांगाड्याला जिथे तार बोल्टने आवळली होती तिथला रंग खरवडून पत्रा चकचकीत केला. आवाज बाराला फाटला. दुसऱ्या दिवशी वाटलं, बॅटरीपासून येणारी तार बारीक आहे. तिप्पट जाड तार घातली. फाटला. मग स्पीकरवर संशय घेतला. मेहुण्याने ते स्पीकर शेजारच्याने यंदाच घेतलेल्या मशीनला जोडून दाखवले. तीनच्या पुढे गेले आणि घरातली भांडी वाजली. स्पीकर निर्दोष सुटले. शेजाऱ्याने वर विचारलं, "शनिवारी मीच आणू का माझं मशीन? घरचंच कार्य हाय." तो चांगल्या मनाने विचारत होता. मेहुणा "बघू" म्हणाला आणि त्याने टेंपोचं फडकं उगाचच दोनदा झटकलं.

घरी आल्यावरही डोकं तिथेच. जेवताना मी घास हातात धरून थांबायचो. कुकरची शिट्टी शेवटी फाटते का ते ऐकायचो.

"अहो, ते दुकानात नेऊन का दाखवत नाही?" बायको म्हणाली.

"मला काय झालंय ते कळलंय जवळजवळ."

"काय झालंय?"

"तेच तर बघतोय."

गुरुवारी शेवटी गेलो. कर्जतच्या बाजारात टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, माझ्याच वयाचे. मशीन पायाशी ठेवून स्कूटर हाकत त्यांच्याकडे पोचलो. त्यांनी झाकण उघडलं, मीटरची टोकं लावली.

"एका बाजूला सत्तावीस व्होल्ट, दुसऱ्या बाजूलाही सत्तावीस. दोन्ही सारखे आहेत."

"मीही बघितलं होतं," मी अभिमानाने म्हणालो.

"सारखे आहेत, पण पुरेसे आहेत का, सर? मूळचे किती होते?"

ते मला ठाऊक नव्हतं. मूळचे मोजण्याआधीच मी धूर काढला होता.

"मला कमी वाटतायत," ते म्हणाले. "आत व्होल्टेज कमी पडलं की आवाज लवकर फाटतो. छत बुटकं असेल तर उंच माणसाचं डोकं आपटणारच. हे कडं कुणी बांधलं?"

"मीच."

"वेढे कुणी मोजले?"

"सासऱ्यांनी. गिरणीवाले आहेत, सगळा जन्म मोजण्यात गेला."

"मग ते बरोबर असणार," ते म्हणाले, आणि दोघांनी मिळून कड्यावरचा संशय काढून टाकला. त्यांनी पुढचे दोन ट्रान्झिस्टर बदलायला सांगितले. मी बदलले. शुक्रवारी आवाज बाराला फाटला.

शनिवार उजाडला. संध्याकाळी पाचला हळद. अंगणात मांडव घातला होता, बायका मोठ्या परातीत हळद कालवत होत्या. मेहुण्याने सकाळपासून टेंपोला हात लावला नव्हता. धुतला नव्हता, मागच्या फळीला माळ बांधली नव्हती. मी जवळ गेलो तर म्हणाला, "भावोजी, दुपारपर्यंत बघू. नायतर शेजारच्याला सांगून ठेवलाय." तोंड त्याने दुसरीकडे केलं होतं. पंचक्रोशीतल्या सगळ्या हळदी ज्याने वाजवल्या, तो आपल्या मुलीच्या हळदीत पाहुण्यांना सरबत वाटत फिरणार, हे चित्र माझ्यामुळे उभं राहिलं होतं.

अशा वेळी मला मामांनी हाक मारली. आचाऱ्याला तांदूळ मोजून द्यायचा होता. घरात काटा होता, पण मामांचा त्यावर विश्वास नाही. "काटा बॅटरीवर चालतो," ते म्हणाले, "आनी बॅटरीचं काय होतं ते आमी बगितलं." मांडवातल्या बायका हसल्या. मी गोणीचं तोंड धरून उभा राहिलो. ताडपत्रीवर तांदळाचा ढीग आणि मामांच्या हातात त्यांचं जुनं शेराचं माप.

सात पायल्या पडल्या, आठव्या आणि शेवटच्या पायलीला मामांनी माप ढिगात खुपसलं. "लाभ," म्हणाले, आणि मग माप गोणीत ओतलं. परत खुपसलं. "दोन," आणि ओतलं. माझं लक्ष नव्हतं, मी टेंपोकडे बघत होतो. "तीन." "चार," ते म्हणाले. मी सवयीने गोणीचं तोंड मिटायला लागलो.

"आरं थांबा की, माप हातात हाय अजून," ते म्हणाले.

माप खरंच हातात होतं. भरलेलं. चार म्हणून झालं होतं आणि चौथा शेर गोणीत पडायचा होता.

मी त्या मापाकडे बघत राहिलो. मामा आधी आकडा म्हणतात, मग ओततात. मी शाळेतला माणूस, माझ्या डोक्यात काम झालं की मग आकडा येतो. ओटीवर त्यांनी 'लाभ' म्हटलं तेव्हा माझी तार अजून हातातच होती. त्यांनी 'चार' म्हटलं तेव्हा कड्यावर तीनच वेढे पडलेले. चौथा घालायचा त्या क्षणी मी थांबून चिकटपट्टी लावली होती. तीन पायल्यांत तीनदा. बाराऐवजी नऊ.

आता हे मनातल्या मनात म्हणून टेंपोकडे पळायला हवं होतं. पण सहा दिवस साचलेलं होतं, ते तोंडातून बाहेर आलं.

"मामा, तुमचं माप एकाने कमी पडतं."

हळद कालवणारा हात थांबला. गिरणीवाल्याला माप कमी म्हणणं म्हणजे काय, हे मला सोडून तिथे सगळ्यांना माहीत होतं. मेहुणा टेंपोजवळून चालत आला आणि हळूच म्हणाला, "भावोजी, जरा बाहेर येता का?"

मामांनी त्याला हातानेच थांबवलं. मग गोणी धरली आणि मोजलेला सगळा तांदूळ, हातातल्या शेरासकट, परत ताडपत्रीवर वेगळा ओतला. आधीच्या सात पायल्या आणि ही आठवी.

"तुमी मोजा," ते मला म्हणाले. "तुमच्या शाळेसारखं."

आचारी म्हणाला, "आजोबा, चूल पेटवायचीय." मामा म्हणाले, "पेटवा. जावयबापू मोजतायत."

हातात माप घेऊन मी बसलो. डोक्यात टेंपो, पाच वाजताची हळद, सोडवायची तार, आणि हात तांदळात. प्रत्येक शेर ओतायचा, मग मोठ्याने आकडा म्हणायचा. एकोणीसला नवरी मुलगी येऊन बघून गेली. पंचवीसला माझा पाय मुंग्या येऊन मेला. शेवटचा शेर ओतला तेव्हा आकडा आला बत्तीस. आठ पायल्या. एक दाणा इकडे नाही की तिकडे नाही.

"किती?" मामांनी विचारलं. मी किती म्हणालो ते त्यांनी ऐकलं होतं, तरी विचारलं.

"बत्तीस, मामा. माप बरोबर आहे. मी आधीच थांबलो."

"हां," ते म्हणाले. "आता ते कडं आना."

कडं सोडवताना मी एकेक वेढा मोजला, मनातल्या मनात, कुणाच्या मदतीशिवाय. नऊ. खालचे माझे जाड तारेचे चार मात्र बरोबर होते, हे मी बायकोला दोनदा सांगितलं. तिने दोन्ही वेळा "हो का" म्हटलं.

मग पुन्हा ओटीवर, समोरासमोर. मी म्हटलं, मामा, राहू द्या, मी मोजतो. त्यांनी ऐकलं नाही.

"मी चार म्हनल्यावर एक घालायचा. मग थांबायचं."

"समजलं."

"त्या दिवशीपन समजलंच बोललात."

ते म्हणाले "लाभ" आणि थांबले. मी वेढा घातला, त्यांना दाखवला, त्यांनी मान डोलावली, मग "दोन". असं प्रत्येक वेढ्याला. तार ओवताना मी सारखा घड्याळाकडे बघत होतो आणि मामा मात्र निवांत होते, जणू समोर गिरणीतलं गिऱ्हाईक बसलंय आणि दिवस मोठा आहे. मध्ये मेहुणा दोनदा येऊन उंबऱ्यावरून परत गेला. शेजारी तिसऱ्यांदा आला तेव्हा मामाच त्याला म्हणाले, "तू हळदीला ये. मोकळ्या हातानं ये."

वेढे संपले तेव्हा दोन वाजून गेले होते. मग तारांच्या टोकांना कथलाचा डाग देणं, झाकण लावणं, टेंपोत बसवणं. तारा अर्थातच मेहुण्याने जोडल्या. मीटर लावला. छत्तीस आणि छत्तीस. हे मी मोठ्याने वाचलं, पण आकड्यात कुणाला रस नव्हता. सगळे त्याच्या बोटाकडे बघत होते.

मेहुण्याने गाणं लावलं. नऊ, दहा, अकरा. बाराला तो थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, कुणाकडेच बघितलं नाही. डोळे मिटले आणि बटण फिरवलं. एक. दोन. ढोल स्वच्छ वाजत होता, छातीत लागत होता. तीन. मांडवाचा पत्रा थरथरायला लागला तेव्हा त्याने डोळे उघडले, बटण तसंच सोडलं, आणि बादली घेऊन टेंपो धुवायला गेला. चाकांपासून सुरुवात केली. आतून त्याच्या मुलीने कसलीतरी माळ आणून मागच्या फळीला बांधली, त्याने ओला हात पुसून तिची गाठ घट्ट केली.

हळद जोरात झाली. मी फारशी बघितली नाही. मशीन तापत होतं, म्हणून टेंपोच्या मागे घरातला टेबलफॅन धरून उभा होतो. दर दहा मिनिटांनी हात लावून बघायचो. माझी वेळ आली तेव्हा कुणीतरी येऊन मागूनच माझ्या गालाला हळद फासली आणि निघून गेलं.

मन मात्र मशीनपेक्षा मामांच्या पायाशी अडकलेलं. दिवसभर ते माझ्याशी नेहमीसारखं बोलत होते, म्हणूनच जास्त वाटत होतं. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, पाठवणी झाली आणि संध्याकाळी आम्ही दोघं स्कूटरवरून कर्जतला निघालो. पळसदरीच्या अलीकडे मी मागे न बघता बायकोला विचारलं, "मामा रागावलेत का गं माझ्यावर? सगळ्यांसमोर माप कमी आहे म्हणालो."

ती म्हणाली, "बाबांचं माहीत नाही. आई मला म्हणाली, पन्नास वर्षं मला त्या मापाला नाव ठेवायचं होतं, धीर झाला नाही. जावयाने ठेवलं. नेमकं माप बरोबर होतं त्या दिवशी ठेवलं, तेवढंच वाईट झालं."